धरणीची ओटी

नांदेड
२० जून १९९९

प्रिय महानंदा,

सलाम, नमस्कार, आणि माळेवाडीच्या सरपंचबाईंना मुजरा! हसू नकोस. डी.एड.च्या होस्टेलात माझ्या खाटेखाली लोणच्याची बरणी लपवणारी पोरगी आता ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसते, हे मला अजून खरं वाटत नाही.

आता कामाचं ऐक. केंद्र सरकार एक ऊर्जा संशोधन संस्था काढणार आहे. जमिनीच्या पोटात जी उष्णता आहे तिच्यापासून वीज करता येईल का, हे शोधणारी. आपल्या उनकेश्वरच्या झऱ्याला बारा महिने गरम पाणी येतं, ते काय देवानं खाली बंब पेटवून ठेवलाय? काहीतरी आहेच ना खाली! ही संस्था मराठवाड्यात यावी म्हणून आम्ही इथं समर्थन समिती काढली आहे. शाळा सुटली की मी गुरुद्वाऱ्यासमोर टेबल टाकून सह्या घेत बसते. ऑटोवाले, रेल्वेवाले, लंगरला आलेले पंजाबचे पाहुणे, कोणाला सोडत नाही. आधी नांदेडवाले म्हणाले नांदेडलाच पाहिजे, लातूरवाले म्हणाले लातूरलाच. दोघं भांडत बसले असते तर तिसरा घेऊन गेला असता. शेवटी सगळ्यांनी मिळून एक जागा पुढं केली, आणि ती जागा, बाईसाहेब, तुमच्या गावचं गायरान आहे!

आणखी दोन राज्यं शर्यतीत आहेत. तीस सप्टेंबरला दिल्लीची समिती तुमच्याकडं येईल. तोवर ग्रामसभेचा ठराव पाहिजे, की गायरान द्यायला आणि तिथं खोल बोअर घ्यायला गाव तयार आहे. ठराव नसला तर आपलं नाव कटलं. माझा भाचा रिजवान भूगर्भशास्त्र शिकून हैदराबादेत नोकरीला लागलाय. चाचणीचं बोअर घ्यायला तोच येतोय. पोराला पोटभर जेवू घाल.

तुझी
जाहिदा

•

माळेवाडी, ता. रेणापूर
११ जुलै

जाहिदा,

पत्र मिळालं. रिजवान पण मिळाला. लई गुणाचं पोरगं हाय. पण आमच्या घरात मटण शिजत न्हाई, त्यामुळं बिचारा डोळे मिटून वरणालाच गोश्त समजून खातोय. परवा म्हणला, "मावशी, ठेचा और एक चमचा." मी म्हणलं, रडत रडत कशाला खातोस? तर म्हणला, तिखटानं न्हाई, घरची आठवण आली. आता काय बोलावं!

तू ठरावाचं इचारलंस. पेरणीचे दिवस हायेत. ग्रामसभेला माणसं येत न्हाईत. मागच्या बारीला कोरम झाला न्हाई, मग विषय राहून गेला. बघू.

पुनमला लातुरात बारावीच्या क्लासला टाकलंय. एका खोलीत सहा पोरी. त्या लातुराचं काय सांगू तुला! जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या, नंबरात आलेल्या पोरांचे फोटो, गळ्यात हार. भिंतीचा कागद शेळीनं खाल्ला तर शेळीपण मेरिटला येईल. पोरगी पहाटे उठून फिजिक्स घोकते. इथं गावात रोज लाईट जाते आणि तिथं माझी लेक विजेची गणितं पाठ करून राहिली.

पाऊस बरा हाय. तुझ्या गुडघ्याचं कळव.

महानंदा

•

नांदेड
२२ जुलै

महानंदा,

गुडघा मरो! तू मला ठरावाचं सांग.

"बघू" म्हणजे काय गं? रिजवानकडून कळलं की ग्रामसभा दोनदा झाली, माणसं भरपूर होती, आणि दोन्ही वेळा विषय निघालाच नाही. मला सगळं समजतं. बाई खुर्चीत आणि कारभार नवऱ्याचा, हे प्रत्येक गावात चाललंय. गुरुलिंग भावजींना माझा निरोप सांग की सही तुझी आहे, त्यांची नाही. चांगला माणूस म्हणून मी त्यांना आजवर मान दिला, पण हे बरं नाही.

तुझ्या पत्रातच उत्तर आहे. आपली पोरं लातुरात घोकणार, नंबर काढणार, आणि मग पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला जाणार. गळ्यात हार घातलेला फोटो तेवढा इथं राहणार. एक तरी जागा अशी नको का, की शिकलेलं पोरगं तिथं कामाला म्हणून परत येईल? माझा तर जीव टांगणीला लागलाय. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

राग आला तर येऊ दे. मैत्रीण आहे म्हणून बोलते.

जाहिदा

•

माळेवाडी
३ ऑगस्ट

जाहिदा,

राग आला होता. दोन दिवस पत्र फाडायच्या विचारात होते. मग म्हणलं, हिला खरं सांगितल्याशिवाय हिची जीभ थांबायची न्हाई.

ह्यांना बोल लावू नकोस. हे तर पहिल्या दिवसापासून म्हणून राहिले, होऊ दे, गावाचं भलं हाय. अडवलं मी. दोन्ही ग्रामसभांत विषय मीच पुढं ढकलला. ग्रामसेवक माझ्या तोंडाकडं बघत बसला.

किल्लारीकडं माझं माहेर होतं. भूकंपाच्या साली लोक गणपती बोळवून झोपले आणि पहाटं गाव राहिलंच न्हाई. आई आणि धाकटा भाऊ बसलिंगप्पा गेले, हे तुला माहीत हाय. तू भेटायला आली होतीस. पण तुला मी अर्धंच सांगितलं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत न्हाईत. बसवून, विभूती लावून, माती देतात. आईच्या वेळी मढी इतकी, वरून पाऊस, रोगराईची भीती. लष्कराच्या पोरांनी जमंल तसं केलं, त्यांना काय बोल लावायचा? सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. मी पोचले तवा धूर होता नुसता. म्हंजे बघ, मातीनं माझ्या आईला मारलं, आणि मारून परत पोटात घेतलं न्हाई.

आता त्याच धरणीला खोल भोक पाडा म्हणून मी सही करू? हात उचलत न्हाई गं. ती झोपलेली हाय तर झोपू द्या, असं वाटतं.

रिजवानला मी एकच अट घातली होती, की चाचणीच्या बोअरच्या आधी हादरे मोजायचं यंत्र बसव. त्यानं शाळेच्या जुन्या खोलीत बसवलंय. एक नळकांडं हळूहळू फिरतं, त्याला कागद गुंडाळलेला, आणि कागदावर पेन रेघ ओढत राहतो. मी रोज उजाडताना तिथं जाते. रेघ सरळ दिसली की मग म्हशीखाली बसते.

आणखी एक सांगते. काल बोअरमधून दगडाची लांब कांडी निघाली, उसाची असते तशी. काळी, मधी तांबडा पट्टा, मग परत काळी. रिजवान म्हणला, मावशी, हे सगळं कधीकाळी उकळत वाहत आलं, निवलं, मग त्याच्यावर परत आलं. माणूस नव्हता तवा. देवाचं नाव घ्यायलापण कोणी नव्हतं. मी हात लावला. जाहिदा, कांडी कोमट होती! पाऊस पडून राहिला होता, सूर्य दोन दिवस दिसला नव्हता, आणि त्या दगडाला आतली ऊब होती. मी हात मागं घेतला. मग परत लावला.

महानंदा

•

नांदेड
९ ऑगस्ट

महानंदा, माझ्या बहिणी,

मला माफ कर. भावजींची पण माफी माग माझ्यातर्फे. मी किती मोठ्या तोंडानं बोलले!

आमच्या समितीत मी उद्याच सांगते की माळेवाडीवर जोर टाकू नका. दुसरं गाव मिळेल, नाही मिळालं तर नाही. संस्थेसाठी मी तुझा हात धरून सही करून घेणार नाही.

फक्त त्या कोमट कांडीबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. एवढी वर्षं मी मुलांना फळ्यावर पृथ्वीचं चित्र काढून दाखवते, आत लाल खडू, बाहेर पिवळा. कधी हात लावला नाही.

तुझी
जाहिदा

•

माळेवाडी
१९ ऑगस्ट

जाहिदा,

बस खाली. पाणी पी. मग वाच. तुझ्या मैत्रिणीनं सरकारी बोअरमध्ये नारळ टाकलाय.

सोमवारी पंचमी होती. त्या दिवशी आपल्याकडं जमीन खणत न्हाईत, नांगर धरत न्हाईत, चुलीवर तवा ठेवत न्हाईत. रिजवानला मी आधीच बजावलं होतं, त्यानं मान हलवली आणि सुटे भाग आणायला लातूरला गेला. पण मशिनीवरच्या परगावच्या पोरांना काय ठाऊक पंचमी? सकाळी चालू केली मशीन! मी पळत जाऊन बंद पाडली. पण थोडा येळ तरी धरणी खणली गेली. पुनम सणाला घरी आलेली, ती हसली. मी न्हाई हसले.

मंगळवारी उजाडताना मी यंत्राच्या खोलीत गेले. पेन सरळ चालला होता. मी वळणार, तेवढ्यात तो थरथरला. मग उडी मारली त्यानं. आणि मग, आई गं, जे सुटला! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कागदाच्या बाहेर जातोय का काय! पायाखाली काही न्हाई. भिंत हलत न्हाई, छपराचा पत्रा वाजत न्हाई, बाहेर कोंबडा आरवतोय, आणि पेन येडा झालेला. मला वाटलं, आलं. पंचमीला खणलं म्हणून उठली ती.

मी अशी बोंब मारली की सगळं गाव बाहेर. म्हातारी माणसं, लेकरं, खाटा, म्हशी, सगळे माळावर. त्या भूकंपापास्नं आमच्याकडं कोणाला कारण इचारायची सवय न्हाई, आधी भायेर पळायचं. वाट बघत बसलो. काहीच न्हाई. त्याचं तर लई भ्याव वाटतं. मग शिवम्मा काकी म्हणली, हिची ओटी भरा, न्हाईतर ही ऐकायची न्हाई. मी सरपंच! मीच पुढं झाले. हळद-कुंकू वाहिलं, खण, तांदूळ, आणि सोललेला नारळ बोअरच्या तोंडात सोडला. म्हणलं, माय, चुकलं, लेकरं समजून पोटात घाल. नारळ थोडा खाली गेला आणि पाईपात अडकला.

दुपारी रिजवान आला. आधी बोअरमध्ये डोकावला, मग माझ्याकडं बघितलं. विहिरीतली घागर काढायचा गळ टाकून बघितला, न्हाई आला. शेवटी ह्यांनी लांब पहार सोडून फोडला. पाणी, खोबरं सगळं खाली गेलं. हे म्हणले, चला, प्रसाद पोचला. माझं मेलीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग रिजवाननं कागद बघितला. म्हणला, मावशी, हा हादरा इथला न्हाईच. हा लांबचा हाय. लई लांबचा.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं. तुर्कस्तान. पहाटं, लोक झोपेत असताना. हजारो.

सगळे ओट्यावर बसलो होतो. आमच्या किल्लारीसारखंच, पहाटं, झोपेत. पुनम आत जाऊन तिच्या क्लासची वही घेऊन आली. त्यात ह्या लाटांचं सगळं लिहिलेलं, कुठली आधी येती, कुठली मागून. मला म्हणली, "आई, हे मला तोंडपाठ हाय. पेपरात पाच मार्काला येतं. पण हे असं खरंच होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं." आणि रडायला लागली.

मी परत त्या खोलीत गेले. पेन निवला होता, बारीक बारीक थरथरत होता. इचार कर जाहिदा. तिथं कुणाची आई भिताडाखाली गेली, आणि ती धडक डोंगराखालनं, समुद्राखालनं, किती राजांचे मुलूख ओलांडत माळेवाडीच्या शाळेत आली. मी एकटी उभी होते तिच्या दारात. जगाच्या पाठीवर त्या बाईची खबर मला सगळ्यांच्या आधी आली, आणि मी काय केलं? नारळ टाकला!

एक इचारते. येडी म्हणू नकोस. माझी आई गेली त्या पहाटं, कुठंतरी असा पेन उठला असंल का? कुणी बघितला असंल का?

महानंदा

•

नांदेड
२३ सप्टेंबर

महानंदा,

नारळाचं वाचून मी इतकी हसले की घरी आलेला जावई धावत आला. शेवटाला आले तेव्हा तोंडावर पदर धरून बसले. रिजवाननं अहवालात लिहिलंय, "बाहेरची वस्तू अडकल्याने काम काही काळ थांबले." इतकंच. खानदानी पोरगा आहे.

इथं मशिदीत तुर्कस्तानासाठी दुआ झाली. मी तुमच्या गावासाठी पण मागितली.

उत्तर द्यायला उशीर केला, कारण रिकाम्या हातानं द्यायचं नव्हतं. रिजवानला तुझा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, खाला, एक पेन नाही, त्या पहाटे जगभरचे पेन उठले होते. हैदराबादचा, दिल्लीचा, जपानचा, युरोपचा. जिथं जिथं यंत्र होतं तिथं तिथं. त्यानं जर्मनीतल्या एका वेधशाळेला पत्र टाकलं. तिथल्या बाईंनी त्या दिवसाचा कागद शोधून काढला आणि त्याची नक्कल पाठवली. खाली दोन ओळी लिहिल्यात. रिजवाननं मराठी करून दिलं: "त्या रात्री मी कामावर होते. ही रेघ मी उठताना पाहिली. कुठलं गाव आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण मी उभी राहिले होते."

कागद सोबत पाठवते. रजिस्टर पोस्टानं. दारात पोस्टमनला दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ देऊ नकोस.

ठरावाबद्दल मी काही लिहीत नाही. समिती तीस तारखेला येणारच आहे. तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस तरी मी तुझीच.

जाहिदा

•

माळेवाडी
१ ऑक्टोबर १९९९

जाहिदा,

तुझा कागद मिळाला. मी पोस्टमनला पाणीसुद्धा इचारलं न्हाई. आत जाऊन दार लावलं.

सरळ रेघ. सरळ, सरळ. मग एकदम ती. मी बोट ठेवलं तिथं. ही आई, हा धाकटा बसू. मग लई येळ हेलकावे, मग बारीक होत होत परत सरळ. सहा वर्षं मला वाटत होतं की ती अंधारात गेली, कुणाला कळलं न्हाई, कुणी नाव घेतलं न्हाई. आणि एक परकी बाई तिच्यासाठी उभी राहिली होती! मी मोठ्यानं रडले. हे दाराबाहेर बसून राहिले, आत आले न्हाईत.

काल समिती आली. तीन गाड्या. सगळं गाव गायरानात. ह्या तारखेला, भूकंपाचा दिवस म्हणून, आमच्याकडं कोणी शेतात जात न्हाई, त्यामुळं कोरमची काळजी नव्हती. समितीच्या मोठ्या साहेबांनी बोअर बघितला, कांड्या बघितल्या, खूश झाले. मग मला बाजूला घेऊन म्हणले, "बाई, स्पष्ट विचारतो. हा भूकंपाचा भाग. दुसऱ्या दोन्ही जागी लोकांना काही वाटत नाही. तुमच्या लोकांना खोल खोदण्याची भीती वाटत असेल."

मी म्हणलं, "वाटती की. लई वाटती. पेन हलला तर आम्ही म्हशी घेऊन पळतो साहेब. ज्यांना काही वाटत न्हाई ते तुमच्या यंत्राकडं बघणारपण न्हाईत. आमच्याकडं शिकलेलं पोरगं त्या खोलीत बसलं तर सगळं गाव त्याला इचारंल, आज धरणी कशी हाय? असं गाव कुठं मिळंल तुम्हाला?"

साहेब चष्मा काढून पुसत राहिले.

मग ग्रामसभा सुरू झाली. सगळ्यांना वाटलं मी विषय काढते. मी आधी त्या जागी खड्डा घेतला, संस्थेची इमारत जिथं व्हायची तिथं. स्वतःच्या हातानं, खुरप्यानं. आईचा कागद घडी केला, विभूती लावली, आणि आत ठेवला. सांगितलं, ही माझी आई. हिला माती द्यायची राहिली होती.

मी पहिली मूठ टाकली. मग ह्यांनी, पुनमनं. रिजवान मागं उभा होता, मी म्हणलं, ये रे, तूपण लेकच हायेस. त्यानं डोक्यावर रुमाल बांधून दोन्ही हातांनी माती दिली. मग शिवम्मा काकी उठली, तिचा भाऊ गेला होता त्या पहाटं. मग एकेक करून सगळं गाव. शेवटी ते दिल्लीचे साहेब बूट काढून आले. खड्डा केव्हाच भरला होता, तरी मी त्यांना थांबवलं न्हाई.

त्याच्यावर उभी राहून मी ठराव वाचला. सगळे हात वर. पहिली सही माझी. अक्षर वाकडं आलंय, तुला फोटो दाखवीन.

संस्था येती का न्हाई ते दिल्लीला ठरंल. यावी, असं आता मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. पण आज सकाळी म्हशीचं दूध काढलं, हात धुतले, आणि ह्यांना म्हणलं, जरा जाऊन येते. हे म्हणले, कुठं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातनं निघालं, "माहेरी."

तुझी
महानंदा